मुलाला सातवीत 'द गिव्हर' ही कादंबरी लावली आहे. त्यात बाळाला मारण्याचा प्रसंग आहे. अमेरिकेतल्या शाळेकडे पुस्तक बदलून मागता येतं का, आणि मागावं का?

मागता येतं. इथल्या बऱ्याच शाळा पालकांनी सांगितलं तर दुसरं पुस्तक देतात. पण मागू नका, असं मी म्हणेन. मी मिडल स्कूलला इंग्रजी शिकवते आणि हे पुस्तक वर्गात घेते, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकलेलं आहे ते उघडच आहे.

तुम्हाला खटकलेला प्रसंग एकोणिसाव्या प्रकरणातला. गोष्ट सगळं नियमाने चालणाऱ्या, वरवर आदर्श समाजाची; त्यात जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला नायक जोनासचे वडील जीवघेणं इंजेक्शन देतात, तेही त्याच्याशी लाडेलाडे बोलत. हा माणूस दुष्ट असता तर मुलं दोन मिनिटांत विसरली असती. पण तो घरी प्रेमळ बाप आहे, आणि नियमात बसतं म्हणून करतो. मुलं हादरतात ती यानेच. पुस्तक बदललंत तरी मधल्या सुट्टीत मित्रांकडून अर्धंमुर्धं कानावर येणारच, आणि चर्चेच्या वेळी तुमचा मुलगा लायब्ररीत एकटा बसलेला असेल.

शाळेला पत्र लिहायचंच असेल तर एवढंच विचारा: हे प्रकरण वर्गात वाचून घेणार, की घरी वाचायला देणार? मी ते वर्गातच मोठ्याने वाचते आणि उरलेला तास मुलांना बोलू देते. रात्री एकट्याने वाचायचा तो भाग नाही.

आक्षेप घेणारे तुम्ही पहिले नाही. लोइस लॉरी यांच्या या 1993 च्या पुस्तकाला 1994 चं न्यूबेरी पदक (बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार) मिळालं, आणि त्याच दशकात सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीतही ते गेलं.

मला स्वतःला राग येतो तो 'तुमचा आदर्श समाज रंगवा' छापाच्या पोस्टरांचा. पुस्तकाने अस्वस्थ केलं की लगेच रंगपेट्या काढायच्या! 'हंगर गेम्स' (2008) या कादंबरीचंही वर्गात तेच होतं. धनुष्यबाणाचे खेळ होतात आणि चिठ्ठ्यांचा हिशेब राहून जातो. त्यात सोडतीत नाव निघालेल्या मुलांना एकमेकांशी मरेपर्यंत लढावं लागतं, आणि गरीब मुलाला धान्य-तेल हवं असेल तर मरणाच्या सोडतीत आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. नायिका कॅटनिस बाराव्या वर्षापासून आई, बहीण आणि स्वतःसाठी धान्य घेते, म्हणजे नेहमीची एक धरून वर्षाला चार. चिठ्ठ्या साठत जातात, म्हणून सोळाव्या वर्षी 20. मोठं कुटुंब पोसणाऱ्या तिच्या मित्राच्या, गेलच्या, 42. महापौरांच्या मुलीला धान्य लागतच नाही. हे फळ्यावर मांडलं की सोडत निष्पक्ष आहे का, हे मला विचारावं लागत नाही.

घरी तुम्हीही वाचा, मुलाच्या एक-दोन प्रकरणं मागे राहून, म्हणजे तो तुम्हाला सांगेल. शेवटी जोनास जिवंत राहतो की नाही यावर तो नक्की वाद घालेल. लॉरी यांनी 2000 ते 2012 या काळात या मालिकेत आणखी तीन पुस्तकं लिहिली आणि त्यांत उत्तर मिळतं. ते आत्ताच सांगून टाकू नका.