ओहाफियाचे युद्धनृत्य अभ्यासू इच्छिणाऱ्यांसाठी

पश्चिम आफ्रिकेतील इग्बो समाजाच्या युद्धनृत्यांचा अभ्यास सुरू करणार असाल, तर सगळा पसारा एकदम हाती न घेता नायजेरियाच्या अबिया राज्यातील ओहाफियाच्या ‘इक्पिरिक्पी ओगू’पासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. नवख्याची नजर प्रथम लाल, पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांच्या विणलेल्या टोपीवर खिळते. तुम्ही मात्र म्होरक्याकडे नीट पाहा. त्याच्या डोक्यावर मस्तकांच्या प्रतिकृती बसवलेली फळी असते, दातांत ताडाचे कोवळे पान धरलेले असते, आणि ढोल, लाकडी टाळ व शिंगाच्या साथीवर तो खांद्यांचे व छातीचे स्नायू थरथरवत असतानाही डोक्यावरचा भार ढळू देत नाही. माझ्या मते ही थरथर हाच या नृत्याचा प्राण आहे, म्हणून पदन्यासाआधी तिच्याकडे लक्ष द्यावे.

पूर्वी युद्धातून शत्रूचे शिर घेऊन परतणाऱ्यालाच वीराचा मान मिळत असे. त्यामुळे हा साज केवळ शोभेचा नसून कर्तृत्वाने मिळवलेल्या प्रतिष्ठेची खूण आहे. ती टोपी हौसेखातर डोक्यावर चढवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, आणि कोणत्या प्रसंगी कोणी काय परिधान करावे, हे तेथील ज्येष्ठांनाच विचारावे.