रात्रीच्या पृथ्वीचे उपग्रहचित्र: ठिपका नेमका कशाचा, आणि दोन वर्षांची तुलना कुठे चुकते

प्रश्न थोडक्यात असे आहेत: रात्रीच्या चित्रात जिथे उजेड जास्त तिथे श्रीमंती जास्त असे म्हणता येते का, ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात आणि भर समुद्रात दिवे कसे दिसतात, आणि एका शहराची २०१२ व २०२३ ची चित्रे शेजारी ठेवून ते शहर किती वाढले हे मोजता येईल का. तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोनांतूनच निघते, त्यामुळे ते शेवटी घेतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हल्लीचा उपग्रह ‘दिवे’ मोजत नाही. रात्री साधारण दीडच्या सुमारास त्या जागेवरून वर निसटलेला, ५०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तो मोजतो. या व्याख्येतली वेळ, दिशा आणि तरंगलांबी या तिन्ही गोष्टी पुढे कुठे ना कुठे आडव्या येतात.

सगळीकडे फिरणारे ते गडद निळे चित्र कोणत्याही एका रात्रीचे नाही. सगळी पृथ्वी एकाच वेळी अंधारात नसतेच. नासाचे २०१२ चे चित्र एप्रिलमधल्या ९ आणि ऑक्टोबरमधल्या १३ दिवसांच्या नोंदींतून जुळवलेले आहे. त्यासाठी सुओमी एनपीपी उपग्रहाच्या ३१२ प्रदक्षिणांतला डेटा लागला. दिव्यांखालची निळसर जमीन तर दिवसाच्या वेगळ्या चित्रातून आणून पसरली आहे. चित्र सुंदर आहे, पण त्याच्या जेपीईजीवरून आकडे काढू नका. डोळ्याला मंद गावेही दिसावीत म्हणून त्यातली उजळी ताणलेली असते, त्यामुळे मध्यम गाव आणि महानगराचा गाभा जवळपास सारखेच पांढरे दिसतात.

मोजण्यासाठी दोन मालिका आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. जुनी डीएमएसपीची. हे अमेरिकी लष्कराचे हवामान उपग्रह. चांदण्यात ढग दिसावेत म्हणून त्यांचे उपकरण इतके संवेदनशील केले होते, आणि शहरांचे दिवे दिसणे हा त्याचा जोडलाभ ठरला. तिची मूळ वार्षिक चित्रे १९९२ ते २०१३ ची आहेत. प्रत्येक पिक्सेलला ० ते ६३ मधला एक अंक मिळतो, आणि मोठ्या शहराचा मध्यभाग ६३ ला टेकला की तिथेच अडकतो. पुढे तिथे उजेड दुप्पट झाला तरी अंक ६३ च. शिवाय उजेड शेजारच्या पिक्सेलांत सांडतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या शहराचा प्रकाश पाण्यात कित्येक किलोमीटर आत गेलेला दिसतो. आणि उपकरणाचे मापन तपासण्याची सोय उपग्रहावर नव्हती, म्हणून या मालिकेतल्या एफ-१५ उपग्रहाचा ५० आणि एफ-१६ चा ५० एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

नवी मालिका व्हीआयआयआरएस या उपकरणाच्या ‘डे/नाइट बँड’ची (बँड म्हणजे उपकरण टिपते तो तरंगलांबींचा टप्पा). ते ऑक्टोबर २०११ मध्ये सुओमी एनपीपीवरून गेले, मग नोव्हेंबर २०१७ मध्ये नोआ-२० आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नोआ-२१ या उपग्रहांवरून. पिक्सेल साधारण ७४२ मीटरचा, आणि ३,००० किलोमीटर रुंद पट्ट्याच्या मध्यापासून कडेपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो. नोंद १४ बिटांची, म्हणजे १६ हजारांहून जास्त पायऱ्यांची, त्यामुळे शहराचा गाभा अडकत नाही. एकक नॅनोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति स्टेरेडियन (घनकोनाचे एकक).

आता ऑस्ट्रेलिया. २०१२ च्या चित्रात तिच्या पश्चिम भागात, जिथे वस्ती जवळपास नाही, दिव्यांची गर्दी दिसते. ते वणवे होते. आग आज इथे, उद्या तिथे जळते. पण अनेक रात्रींच्या नोंदी एकावर एक रचल्या की सगळ्या जागा एकाच वेळी पेटल्यासारख्या दिसतात. ओळखायचे कसे? मासिक चित्रे एकामागून एक पाहा. एक-दोन महिन्यांत उगवून मावळणारा उजेड बहुधा आगीचा असतो. वर्षभर एकाच जागी, एक-दोन पिक्सेलांत, आसपासच्या गावांपेक्षा कितीतरी प्रखर ठिपका असेल तर गॅस फ्लेअरचा संशय घ्या, म्हणजे तेलाबरोबर वर येणारा वायू विहिरीवरच जाळून टाकतात ती ज्योत. नायजर डेल्टा, बसरा, पश्चिम सायबेरिया आणि नॉर्थ डकोटाचे बाकेन क्षेत्र यांत ती दिसते. खात्री करायला अवरक्त बँड लागतो. ज्योतीचे तापमान साधारण १,८०० केल्व्हिन असते आणि इतक्या तापमानाच्या वस्तूचे उत्सर्जन १.६ मायक्रॉनच्या आसपास शिखर गाठते. रस्त्यावरचा दिवा त्या तरंगलांबीत जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून १.६ मायक्रॉनच्या बँडमध्येही ठिपका झळकला तर ती ज्योत, नाहीतर दिवा.

समुद्रातला उजेड बहुतेक मासेमारीचा, त्यातही माकूळ (स्क्विड) पकडणाऱ्या बोटींचा असतो. माकूळ उजेडाकडे ओढली जाते, त्यामुळे या बोटींवर दिव्यांच्या रांगाच्या रांगा टांगलेल्या असतात. कोरिया आणि जपान यांच्यामधल्या समुद्रात हे ठळक दिसते. अर्जेंटिनासमोरचे दृश्य त्याहून बोलके आहे: किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, जिथे त्या देशाची मासेमारीची हद्द संपते, बरोबर तिथे बाहेरच्या बाजूला बोटींची लांबलचक ओळ लागते. कायद्याची रेघ पाण्यावर इतकी स्पष्ट उमटलेली क्वचितच पाहायला मिळते. दक्षिण अमेरिकेच्या आसपास मात्र एक सावधगिरी हवी. तिथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दुबळे आहे, त्यामुळे वेगवान कण सेन्सरवर आदळून खोटे ठिपके उठवतात. ध्रुवांजवळ अरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश, असाच घोळ घालतो.

श्रीमंतीच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर नाही. एकाच देशाचा उजेड काळानुसार कसा बदलतो हे पाहिले तर अर्थव्यवस्थेशी संबंध लागतो. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल यांनी २०१२ मध्ये डीएमएसपीच्या नोंदींवरून दाखवले की उजेड १ टक्का वाढला तर उत्पन्नात साधारण ०.३ टक्के वाढ अपेक्षित धरता येते. पण हा संबंध वाढीचा आहे. दोन देश शेजारी ठेवून ‘हा जास्त उजळ म्हणून जास्त श्रीमंत’ असे म्हणायला तो आधार देत नाही. अमेरिकेतली शहरे दरडोई हिशेबाने जर्मनीतल्या शहरांच्या ३ ते ५ पट प्रकाश वर फेकतात. जर्मन माणूस तितक्या पटीने गरीब नाही. तिथले रस्ते अरुंद आहेत आणि दिवे कमी. उत्तर कोरियाचा अंधार खरा आहे, दक्षिणेच्या झगमगाटात प्योंगयांग एकटे बेट वाटते, पण असे टोकाचे उदाहरण पाहून मधल्या सगळ्यांना तोच नियम लावणे चूक. अत्यंत गरीब भागांत तर हे साधन निरुपयोगीच ठरते. घरातला बल्ब छपराखाली असतो, वर निसटत नाही. दोन गावांपैकी एकात वीज असली तरी दोन्ही सारखीच काळी दिसू शकतात.

अचानक झालेली पडझड मात्र ही चित्रे फार चांगली पकडतात. सीरियातला रात्रीचा प्रकाश मार्च २०११ ते फेब्रुवारी २०१५ दरम्यान ८३ टक्क्यांनी घटल्याचे वूहान विद्यापीठाच्या ली शी यांच्या विश्लेषणात दिसले. सप्टेंबर २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिकोत कोणत्या भागात वीज कधी परतली हेही रोजच्या नोंदींवरून शोधता आले.

आता तुलना. सगळ्यात मोठा सापळा एलईडीचा आहे. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशाचे एक शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्यात असते. व्हीआयआयआरएसचा बँड ५०० च्या खाली आंधळा आहे. उलट जुन्या सोडियम दिव्याचा पिवळा-नारिंगी प्रकाश त्याला पूर्ण दिसतो, आणि ८१९ नॅनोमीटरच्या आसपासचा त्याचा अवरक्त भागही, जो आपल्या डोळ्याला दिसतच नाही. म्हणून रस्त्यावरच्या माणसाला उजेड तेवढाच किंवा जास्त वाटत असताना उपग्रहाचा आकडा खाली येतो. मिलानमध्ये दिवे बदलल्यावर अंतराळस्थानकातून काढलेल्या रंगीत फोटोंत शहराचा मध्य नारिंगीचा पांढरा झालेला स्पष्ट दिसतो. एकरंगी बँडला तो बदल नुसती घट म्हणूनच कळतो. जागतिक पातळीवरही हीच तफावत आहे. उपग्रहानुसार २०१२ ते २०१६ मध्ये उजळलेले क्षेत्र वर्षाला २.२ टक्क्यांनी वाढले. जमिनीवरून लोकांनी दिसणारे तारे नोंदवले, त्यावरून २०११ ते २०२२ मध्ये आकाशाची उजळी वर्षाला ९.६ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज निघाला. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, पण एवढ्या अंतरामागे निळा न दिसणे हे एक ठोस कारण आहे. प्रकाशप्रदूषण ‘आटोक्यात आले’ असे या चित्रांवरून कोणी म्हणत असेल तर ते मान्य करू नका.

प्रत्यक्ष काम असे करा. दहा वर्षांची तुलना असेल तर कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या पृथ्वी निरीक्षण गटाची वार्षिक व्हीआयआयआरएस चित्रे घ्या. त्यांत आगी आणि पार्श्वभूमीचा मंद खोटा उजेड आधीच गाळलेला असतो. सगळी वर्षे एकाच आवृत्तीची असू द्या. मासिक चित्रे घेतलीत तर लक्षात ठेवा की त्यांत आग, अरोरा, बोटी गाळलेल्या नसतात, आणि त्यांचे दोन प्रकार आहेत: उपकरणात शिरणाऱ्या भटक्या सूर्यप्रकाशाची दुरुस्ती केलेला, जो २०१४ पासून आहे, आणि दुरुस्ती नसलेला, जो एप्रिल २०१२ पासून आहे. २०१३ पर्यंत एक आणि पुढे दुसरा असे जोडले की उंच अक्षांशांवर आलेखात पायरी पडते, आणि लोक ती शहराची वाढ समजतात.

प्रत्येक मासिक फाइलबरोबर ‘किती ढगविरहित नोंदी मिळाल्या’ याचा थर येतो. तो उघडाच. जिथे तीनपेक्षा कमी नोंदी असतील ते पिक्सेल त्या महिन्यापुरते वगळा. पावसाळी प्रदेशात कित्येकदा अख्खा महिना शून्य नोंदींचा निघतो, आणि तिथला ० म्हणजे अंधार नव्हे, माहितीचा अभाव. उंच अक्षांशांवर उन्हाळ्यात रात्रच पुरेशी काळी होत नाही, तिथेही तेच. बर्फ पडलेले महिने बाजूला काढा. बर्फ दिव्याचा प्रकाश वर परतवतो आणि शहर विनाकारण उजळते. जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा.

मग शहराची सीमा एकदाच आखा, आणि ती शेवटच्या वर्षाच्या चित्रावरून, नाहीतर नवी उपनगरे बाहेर राहतील. जवळचा खात्रीने निर्जन तुकडा निवडून त्याची मध्यका काढा. अमावास्येलाही हा आकडा शून्य नसतो, कारण वरचे वातावरण स्वतः मंद प्रकाशते. ती मध्यका सगळ्या पिक्सेलांतून वजा करा, ऋण आलेल्यांना ० करा आणि उरलेल्यांची बेरीज घ्या. वेगवेगळ्या अक्षांशांवरची शहरे तोलायची असतील तर बेरजेआधी प्रत्येक पिक्सेल त्याच्या क्षेत्रफळाने गुणा. १५ कोनीय सेकंदांच्या (अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक सेकंद) जाळीचा पिक्सेल विषुववृत्तावर सुमारे ४६३ मीटर रुंद असतो, ६० अंशांवर त्याची रुंदी निम्मी होते. हे विसरले की उत्तरेकडची शहरे फुकट दुप्पट होतात.

२०१२ च्या मागे जायचे असेल तर डीएमएसपीला व्हीआयआयआरएस नुसते चिकटवू नका. एक संध्याकाळी पाहायचा, दुसरा मध्यरात्रीनंतर. मधल्या वेळात दुकानांच्या पाट्या बंद झालेल्या असतात. दोन्ही जुळवून केलेल्या तयार मालिका मिळतात, पण त्यांतल्या काहींत नवा डेटा जुन्याच्या ० ते ६३ मापात बसवलेला असल्यामुळे शहराच्या गाभ्यातली वाढ त्यांत पुन्हा दिसेनाशी होते.

एखाद्या ठरावीक रात्रीचा वीजपुरवठा पाहायचा असेल तर नासाच्या ब्लॅक मार्बल या मालिकेचा रोजचा, चांदणे वजा केलेला डेटा घ्या. फायली १० अंश गुणिले १० अंशांच्या चौकोनांत असतात. चौकोन क्रमांक काढणे सोपे आहे: पूर्व रेखांशात १८० मिळवून १० ने भागा आणि पूर्णांक ठेवा, ९० मधून उत्तर अक्षांश वजा करून तसेच करा. प्योंगयांग ३९ उत्तर, १२५.७ पूर्व, म्हणजे आडवा ३०, उभा ०५.

या फाइलमध्ये ‘रिकाम्या जागा भरलेला’ असा एक थर असतो आणि नवखे लोक तोच उघडतात, कारण त्यात भोके नसतात. ढगाळ रात्री तो आधीच्या चांगल्या रात्रीचा आकडा आणून ठेवतो. आता चक्रीवादळाचा विचार करा: वीज गेली, वर तीन दिवस दाट ढग, आणि हा थर वादळाआधीचे झगमगते शहर दाखवत राहतो. म्हणून अशा कामाला न भरलेला थर घ्या, गुणवत्तेच्या थरातले २ आणि २५५ हे अंक गाळा, आणि ‘शेवटची चांगली नोंद किती दिवसांपूर्वीची’ हा थर शेजारी उघडा ठेवा. शिवाय उपग्रह रोज वेगळ्या कोनातून पाहतो. उंच इमारतींच्या शहरात तेवढ्यानेच आकडा हलतो. सलग दोन रात्रींऐवजी १६ दिवसांच्या अंतरावरच्या, एकाच कोनाच्या रात्री तोलल्या तर हा दोष बराच जातो.

तुमच्या शहराचा आलेख २०१२ पासून चढून मध्येच एका वर्षी एकदम खाली आला, तर वस्ती घटली असे लिहिण्याआधी पालिकेने रस्त्यांवरचे दिवे कधी बदलले ती तारीख शोधा, आणि त्याच वर्षाचा अंतराळस्थानकातला रंगीत फोटो मिळतो का पाहा. घट फक्त रस्त्यांच्या जाळ्यावर असेल आणि बंदर, विमानतळ, कारखान्यांचे पिक्सेल जागेवर असतील, तर दिवे बदललेत.