दुसरा भाग काढायचा म्हणतेस तर

बेळगाव

प्रिय बाळ,

'ईव्हिल डेड 2' या अमेरिकन भयपटाच्या पडद्यामागच्या किश्श्यांची तू पाठवलेली यादी वाचली. पत्राच्या शेवटी तू दोन ओळींत लिहिलंयस की आपल्या भयपटाचा दुसरा भाग आता होईलसं वाटत नाही. जांबोटीकडचं ते कौलारू घर मालकानं पाडलं, आणि नायिकेचं काम करणारी मुलगी नोकरीला पुण्याला गेली. मला तुझी यादी आणि या दोन ओळी एकाच गोष्टीबद्दल आहेत असं वाटतं. म्हणून लगेच लिहायला बसलो.

किस्से गोळा कर, जरूर कर. पण प्रत्येक किस्सा वाचताना विचार, की या माणसांना काय मिळालं नव्हतं? तुझ्या यादीतला पहिलाच घे. 1987 च्या दुसऱ्या भागात सुरुवातीला मागच्या गोष्टीची उजळणी आहे, पण ती जुन्या सिनेमातून कापून घेतलेली नाही. 1981 च्या पहिल्या भागाचे हक्क ठिकठिकाणच्या वितरकांकडे गेलेले होते, त्यामुळे स्वतःच काढलेली दृश्यं दिग्दर्शक सॅम रायमीला वापरता येईनात. मग त्यानं ती नव्यानं काढली आणि काढताना पाच जणांची गोष्ट दोघांवर आणली. नायक ॲश आणि त्याची मैत्रीण लिंडा, बस्स. लोक अजून वाद घालतात की हा दुसरा भाग म्हणायचा की पहिल्याचीच नवी आवृत्ती. मला त्या वादात रस नाही. मला दिसतं ते असं की काही मिनिटांत गोष्ट एका माणसावर येऊन ठेपते, आणि मग ॲशचं काम करणारा ब्रूस कॅम्बेल एकटा, स्वतःच्याच हाताशी मारामारी करत, पडदा सांभाळतो. हक्क मिळाले असते तर सिनेमा इतक्या लवकर त्याच्यापाशी आला असता का?

रायमीला खरं तर दुसऱ्या भागात नायकाला मध्ययुगात न्यायचं होतं. निर्माता दिनो दे लॉरेंटिस म्हणाला, पहिल्यासारखंच कर. ती मध्ययुगाची कल्पना पुढं तिसऱ्या भागात आली. गोष्ट घडते त्या जंगलातल्या केबिनचा आतला सेट तर नॉर्थ कॅरोलायनातल्या वेड्सबरो गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत उभा केला होता. हे तू यादीत पार खाली टाकलंयस. मी ते सगळ्यात वर ठेवलं असतं.

रक्ताचं तर तुला ठाऊकच आहे. लाल रक्त फार दिसलं तर अमेरिकेत कडक प्रमाणपत्र मिळेल, म्हणून हिरवं, काळं असं निरनिराळ्या रंगांचं रक्त वापरलं. शेवटी सिनेमा प्रमाणपत्राशिवायच लावला, म्हणजे ज्या कारणासाठी खटपट केली ते साधलंच नाही. पण त्या रंगांमुळे त्या सिनेमाचं भय या जगातलं राहिलं नाही, आणि तेच लोकांच्या लक्षात राहिलं.

आता माझ्या कामाचं बोलतो. इतकी वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा केली, त्यामुळे माझं लक्ष तिकडंच जातं. हेन्रिएटा म्हातारीच्या भुताचं काम दिग्दर्शकाच्या धाकट्या भावानं, टेड रायमीनं, केलं. मार्क शोस्ट्रॉमनं बनवलेला रबरी पोशाख अंगभर, आणि दिवस उन्हाळ्याचे. एका शॉटमध्ये त्या मुखवट्याच्या कानातून घामाची धार गळताना दिसते. बघणाऱ्याला तो भुताचाच काहीतरी स्राव वाटतो. हा किस्सा सांगून लोक हसतात. तू हसू नकोस. ज्याला पोशाखात घालणार आहेस त्याला दर थोड्या वेळानं बाहेर काढायचं, पाणी पाजायचं, पंख्यासमोर बसवायचं, आणि हे काम आधीच एका माणसाला नेमून द्यायचं. बाकी काही विसरलीस तरी चालेल, हे नको विसरू.

तुझ्या यादीत नसलेली एक गोष्ट माझ्याकडून घे. जॉर्ज रोमेरोचा 1968 चा 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' कृष्णधवल होता. दहा वर्षांनी 'डॉन ऑफ द डेड' आला, तो रंगीत. रंगभूषाकार टॉम सॅव्हिनीनं पहिल्या भागाशी नातं राहावं म्हणून त्यातल्या चालत्या प्रेतांना करडा रंग दिला, आणि तो पडद्यावर कितीतरी ठिकाणी निळा दिसला. आरशात दिसतं ते कॅमेऱ्यात दिसत नाही. तुझा पहिला भाग दिवसाउजेडी काढलेला होता, दुसरा तू रात्री एलईडी दिव्यांत काढणार म्हणत होतीस. तेव्हा तोंडाला लावायचा प्रत्येक रंग आधी त्याच दिव्यात, त्याच कॅमेऱ्यानं काढून बघ. रक्तासाठी बाजारातलं महाग द्रावण आणू नकोस. आपल्याकडे गुऱ्हाळं आहेत, काकवी घे आणि खायचा लाल रंग घाल. काकवीचा मूळ तपकिरीपणा सुकलेल्या रक्ताला छान जमतो. फक्त मुंग्या आणि माश्या येतात, तेव्हा शॉट लागल्याबरोबर पुसायचं.

आता घर आणि नायिका. 2004 चा 'आप्तमित्र' हा भुताचा सिनेमा तू कन्नडमध्ये बघितलायस. त्यातल्या नायिका सौंदर्या तो सिनेमा लागायच्या आधीच विमान अपघातात गेल्या. पुढं त्याच दिग्दर्शकानं, पी. वासू यांनी, त्याचा दुसरा भाग 'आप्तरक्षक' केला. तो 2010 मध्ये लागला तेव्हा नायक विष्णुवर्धनही नव्हते, 30 डिसेंबर 2009 ला ते गेले होते. त्या दुसऱ्या भागात नागवल्ली, म्हणजे त्यातलं नर्तकीचं भूत, येते ती एका चित्रातून. चित्र ज्या घरात जाईल तिथं गोष्ट जाते. पहिल्यातला वाडा लागत नाही, पहिली नटीही लागत नाही.

आणि तुझं घर तर पाडलंय! अगं, त्या घराची चौकट कुठं गेली? कडीपाट, खांब, दारं कुठं गेली? आपल्याकडे जुनं घर उतरवलं की लाकूड कोणी टाकून देत नाही. कुणीतरी विकत घेतं, नव्या स्लॅबच्या घराला लावतं. तुझ्या पहिल्या भागात ती बाई उंबरठा ओलांडू शकत नव्हती. आता तो उंबरठाच दुसऱ्याच्या घराला बसला असेल तर? मला तर हा पहिल्यापेक्षा चांगला सिनेमा दिसतो. आणि हा कुठल्याही देशातून उचललेला नाही, आपल्या खानापूर तालुक्यात रोज घडणारा आहे.

भीमगडच्या अभयारण्यात शिरायचा विचार सोड. वनखात्याची परवानगी, गाड्या, पाऊस, सगळं अंगावर येईल. जंगल बाहेरून, रस्त्यावरून दाखव. आतलं सगळं गावच्या शाळेच्या हॉलमध्ये उभं कर, मुख्याध्यापकांना मी भेटतो. आवाज मात्र जंगलातूनच आण. 1935 च्या 'ब्राईड ऑफ फ्रँकेन्स्टाईन'मध्ये एल्सा लँचेस्टरनं त्या वधूचं फुत्कारणं लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या हंसांवरून उचललं होतं. तू धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकलायस ना? डोक्यावरून जाताना जुन्या वाफेच्या इंजिनासारखा येतो. पक्षी दाखवू नकोस, नुसता आवाज वापर. कणकुंबीकडच्या पावसाचाही आवाज आत्ताच धरून ठेव, दिवाळीनंतर शूटिंगच्या वेळी तो मिळणार नाही.

पुण्याच्या मुलीला फोन कर. तिला बोलावू नकोस, फक्त तिचा आवाज माग. मोबाईलवर बोलून पाठवेल. अंथरूण-पांघरुणाच्या कपाटात तोंड घालून बोल म्हणावं, म्हणजे खोली घुमणार नाही.

आणि पहिल्या भागाचं मूळ फुटेज कुणाच्या लॅपटॉपवर आहे ते या आठवड्यात शोध. पाच जणांनी मिळून काढलेला सिनेमा आहे. पाचही जणांकडून लिहून घे, की दुसऱ्या भागात ती दृश्यं वापरायला हरकत नाही. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणतील. तरी घे. तो कागद आणि चौकटीचा पत्ता, दोन्ही घेऊन रविवारी सकाळी ये. जेवूनच जायचं.

तुझे
काका