हातानं घडवलेला जुना जपानी वस्तरा कसा ओळखायचा आणि घेताना काय पाहायचं?

आधी प्रकार ठरवा. पारंपरिक जपानी वस्तरा म्हणजे कामिसोरी. तो घडीचा नसतो. पातं आणि मूठ एकाच धातूची, मुठीवर बहुतेकदा वेत गुंडाळलेला. पाश्चात्त्य पद्धतीचे घडीचे वस्तरेही जपानमध्ये बनले, पण त्यांतले बरेच कारखान्यातले आहेत.

कामिसोरीत खरी ओळख पात्यावर दिसते. मऊ लोखंडावर कडक पोलादाचा थर तापवून, ठोकून जोडलेला असतो. उजेडात तिरका धरला की दोन्हींमधली सीमारेषा दिसते: लोखंड करडं, मंद, पोलाद चकचकीत. ही रेषा किंचित वेडीवाकडी असेल तर मला ते आवडतं, कारण हातोड्याचं काम असंच असतं. पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, म्हणून धार लावतानाही दोन्ही बाजू दगडावर सारख्याच वेळा घासत नाहीत.

पात्यावरचा ठसा जपानी लिपी वाचणाऱ्याला दाखवा. नीगाता प्रांतातल्या सांजो शहरातल्या इवासाकी घराण्याचे वस्तरे फार मानले जातात, म्हणून त्यांना भावही तसाच. ‘तामाहागाने’ या पारंपरिक पोलादाच्या नावानं कोणी जास्त पैसे मागितले, तर पुरावा मागा. उत्तम जुने वस्तरे स्वीडिश पोलादाचेही आहेत आणि ते अजिबात कमी नाहीत.

विकणाऱ्याकडून धारेचा जवळून काढलेला फोटो घ्याच. लोखंडावरचा गंज चालतो. धारेलगत गंजाचे खड्डे, चीर किंवा घासून अरुंद झालेलं पातं असेल, तर स्वस्तातही घेऊ नका.