मेल्यावर सगळं जातं, तरी खेळू का?

प्रश्न: मित्र अल्बियन ऑनलाइन हा गेम खेळ म्हणून मागे लागलेत, त्यातलं पीव्हीपी (खेळाडूंची आपसातली लढाई) एक नंबर आहे म्हणे. पण मेलं की सगळं सामान जातं असं ऐकलंय आणि मला रोज जेमतेम तासभर मिळतो, तोही मोबाइलवर. खेळू का?

उत्तर: खेळ की, फुकटच आहे 2019 पासून आणि मोबाइलवर पण चालतो. सामान सगळीकडे जात नाही रे, नकाशाचे रंगांनुसार भाग म्हणजे झोन आहेत, निळ्या झोनमध्ये सेफ, पिवळ्यात हरलास तरी सामान तुझंच, पण लाल आणि काळ्या झोनमध्ये मेलास की अंगावरचं, बॅगेतलं सगळं गेलं, आणि खरं सांगू का, मजा तिथेच आहे, कारण समोरचा दिसला की छाती धडधडते. शिकलेली स्किल मात्र जात नाही. म्हणून एकच नियम, पुन्हा घ्यायला परवडेल तेवढंच घालून जायचं, स्वस्तातले हत्यार-चिलखतांचे दोन-तीन सेट गेममधल्या बँकेत ठेवायचे. योद्धा, जादूगार असा ठरलेला क्लास निवडायची भानगड नाही, जे घालशील तो तू. प्रीमियम, म्हणजे जादा फायदे देणारी मेंबरशिप, लगेच घेऊ नकोस. आशियाचा सर्व्हर निवड, 2023 मध्ये आलाय, नाहीतर लॅगनेच मरशील. आणि हो, गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा गट, बघ, एकटा गेलास की पाचजण मिळून धुतात!