चहाला कोरडं, फुलांना ओलं

या वेळी चहा आणि फुलं एकाच दुकानात विकणाऱ्यांची पत्रं एकत्र घेतली आहेत. एक पत्र गिऱ्हाइकाचंही आहे.

चाळीसगावहून : १० बाय १८ फुटांचा गाळा आहे. एका भिंतीला चहाच्या काचेच्या बरण्या, समोरच्या भिंतीला फुलांच्या बादल्या. उघडून महिनाही झाला नाही, तोच दार्जिलिंगच्या पत्तीला निशिगंधाचा वास येऊ लागला. आसाम चहा मऊ पडला. उकाड्यासाठी मोठा कूलर लावला आहे. काय चुकलं?

मांडणी चुकली. वाळलेली पत्ती हवेतला ओलावा ओढते आणि वासही ओढते. चीनमधला जास्मिन चहा याच गुणावर तयार होतो : रात्री उमलणाऱ्या कळ्या पत्तीत मिसळून ठेवायच्या आणि सकाळी चाळून काढायच्या. तुमच्या गाळ्यात तेच चाललंय, फक्त ते कोणी मागितलेलं नाही. निशिगंध आणि मोगरा दिवस मावळल्यावर जास्त दरवळतात, म्हणजे नेमकं शटर ओढल्यावर, हवा कोंडलेली असताना.

त्यात कूलर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरचा ओलावा फुलांना हवाच असतो. पत्तीला तो मारक. एका खोलीत दोघांचं भागत नाही, म्हणून खोल्या दोन करा. मागचे सहा फूट काचेच्या पार्टिशनने तोडून घ्या, दार आपोआप लागणारं बसवा आणि चहा तिथे न्या. फुलं पुढे, पण पश्चिमेचं ऊन येत असेल तर पडदा लागेल. कूलरचा झोत पार्टिशनकडे नको आणि थेट फुलांवरही नको. वारा लागत राहिला की पाकळीतलं पाणी देठाने पुरवण्याआधीच उडून जातं. कूलर चालू असताना हवा बाहेर जायला वाट ठेवा, नाहीतर तासाभरात गाळ्यात नुसता दमटपणा साठतो.

चहाच्या खोलीत हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर टांगा. आकडा ६० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा मोठी पाकिटं फोडू नका. मुख्य साठा अॅल्युमिनियमचा थर असलेल्या सीलबंद पाकिटांत ठेवा, विक्रीसाठी घट्ट झाकणाचे पाव किलोचे डबे. काचेच्या बरण्या दिसायला छान, पण उजेडाने पत्तीचा स्वाद उतरतो. त्यांत फक्त दाखवायचा नमुना ठेवा. रॅक नव्या प्लायवूडचं असेल तर पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत चहा त्यावर चढवू नका. स्टीलचं रॅक सगळ्यांत बिनघोर. चहा फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. थंड डबा बाहेर काढून उघडला की पत्तीवर दव धरतं.

आणि उदबत्ती. सकाळची पूजा दुकानाबाहेर, उंबऱ्यावर उरका. धुराचा वास पत्ती धरते आणि कुठल्याही जळणाऱ्या वस्तूच्या धुरात थोडा इथिलीन वायू असतो, तो फुलांना म्हातारं करतो.

पत्ती बिघडली का, हे कळायला दोन खुणा. चिमटीत दाबली तर कोरडी पत्ती कडकन मोडते, ओली वाकते. दुसरी : गरम पाण्याने विसळून पुसलेल्या कपात तीन ग्रॅम पत्ती टाका, बशी झाका, मिनिटाने हुंगा. परका वास असेल तर तिथेच कळतो. ओलावा मंद आचेवर शेकून घालवता येतो, पण पत्तीचा स्वतःचा सुगंधही त्याबरोबर जातो. निशिगंधाचा वास लागलेला माल बाजूला काढा. चांगल्या मालात मिसळलात तर दोन्ही जातील.

यावलहून : गुलाबांच्या माना दुसऱ्याच दिवशी खाली. कार्नेशन उमलायच्या ऐवजी मिटतात. ऑर्किडची फुलं गळतात आणि उरलेल्यांवर डाग पडतात. सगळी फुलं शीतपेयांच्या काचेच्या फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवतो. दुकानामागे केळीचं रायपनिंग चेंबर आहे, त्याचा काही संबंध?

संबंध आहे, पण सगळ्याचा नाही. ही तीन वेगळी दुखणी आहेत.

मिटणारे कार्नेशन आणि गळणारी ऑर्किड, हे काम इथिलीनचं. केळी पिकवायला चेंबरमध्ये हाच वायू सोडतात, आणि पिकणारी केळी तो स्वतःही सोडत राहतात. संवेदनशील फुलांना दहा लाखांत एका भागाहून कमी इथिलीनही पुरतो. चेंबरची दारं हवा बदलायला अधूनमधून उघडतात. त्या वेळी तुमची मागची खिडकी बंद हवी, किंबहुना कायमचीच बंद करून हवा रस्त्याच्या बाजूने घ्या. गाळा बदलणं शक्य नसेल तर कार्नेशन आणि ऑर्किड मागवूच नका. जरबेरा आणि शेवंती इथिलीनला फारशी दाद देत नाहीत, त्यांवर भर द्या. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात दुकान घेताना आधी शेजार पाहावा, भाडं नंतर. फळांची पेटी फ्रिजमध्ये फुलांबरोबर ठेवत असाल तर तीही आजच बाहेर काढा.

ऑर्किडवरचे डाग थंडीचे. गुलाब, कार्नेशन, शेवंती २ ते ४ अंशांवर खूश असतात. ऑर्किड, अँथुरियम, हेलिकोनिया ही उष्ण प्रदेशातली फुलं. त्यांना १२-१३ अंशांच्या खाली नेलं की ती काळवंडतात. ती फ्रिजबाहेर, खोलीच्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा.

गुलाबाची मान पडते ती पाणी वर न चढल्यामुळे. प्रवासात कापलेल्या टोकात हवा शिरते, नंतर बादलीतल्या जंतूंचा बुळबुळीत थर नळी बंद करतो. माल आला की आधी बादल्या ब्लीचने घासून धुवा. पाण्यात बुडणारी पानं काढा. देठाचं टोक पाण्याखाली धरून, धारदार सुरीने तिरकं, दोन सेंटिमीटर कापा. कात्री बोथट असेल तर ती देठ चेचते. मग २-३ तास सावलीत पाणी पिऊ द्या आणि त्यानंतरच फ्रिजमध्ये किंवा काउंटरवर न्या. एक लिटर पाण्याला २० ग्रॅम साखर, पाव ग्रॅम सायट्रिक अॅसिड आणि १ मिलिलिटर साधं घरगुती ब्लीच. साखर खाद्य, अॅसिडने पाणी लवकर चढतं, ब्लीच जंतूंना रोखतं. ब्लीच न घालता नुसती साखर घातलीत तर जंतूंचीच सोय होईल. मेमध्ये हे पाणी रोज बदला. माना पडलेले गुलाब वर्तमानपत्रात सरळ घट्ट गुंडाळा, टोक पुन्हा कापा आणि कोमट, ४० अंशांच्या पाण्यात तासभर उभे करा. ताजे असतील तर उठतात. जरबेऱ्याला मात्र उथळ पाणी, पाच-सात सेंटिमीटर, आणि त्यात साखर नको. त्याचा देठ लवदार असतो, खोल पाण्यात कुजतो.

शीतपेयांच्या फ्रिजचा पंखा हवा कोरडी करतो, म्हणून त्यात फुलं कागदाने झाकून ठेवा.

धुळ्याहून, एक गिऱ्हाईक : दुकानात प्यायलेला दार्जिलिंग सोनेरी आणि हलका होता. तीच पत्ती घरी आणली तर चहा काळपट होतो, वर तेलकट साय येते आणि चव पाणचट. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. घरी बोअरचं पाणी वापरता का ते पाहा. बेसाल्टच्या खडकातून येणारं पाणी बरेचदा जड असतं. त्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या द्रव्यांशी जुळतात आणि वर तवंग धरतो. तो तेलाचा नसतो. असं पाणी अल्कधर्मी, म्हणून रंगही गडद, मळकट येतो. लिंबाचा थेंब टाकून पाहा, रंग उजळेल आणि तवंग विरेल. दुधाच्या कडक चहात हा दोष झाकला जातो, म्हणून तो इतकी वर्षं जाणवला नसेल.

उपाय : पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या, तळाचा पांढरा गाळ सोडून वरचं ओतून घ्या आणि चहासाठी ते पुन्हा गरम करा. आरओ असेल तर त्याचं आणि नळाचं पाणी मिसळून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० ते १५० च्या दरम्यान आणा. निव्वळ आरओच्या पाण्यात चहा कधी कधी पोकळ लागतो.

चव पाणचट असण्याचं दुसरं कारण चमचा. सीटीसीचा, म्हणजे नेहमीच्या दाणेदार चहाचा, एक सपाट चमचा साधारण अडीच ग्रॅम भरतो. दार्जिलिंगची लांब, फुललेली पत्ती त्याच चमच्यात दीड ग्रॅमही भरत नाही. १८० मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम तोलून घ्या. पाणी ९० ते ९५ अंश, झाकून तीन ते चार मिनिटं, मग गाळा. पत्ती उकळू नका. हिरव्या चहाला ७५ ते ८० अंश आणि दोनच मिनिटं, नाहीतर कडू होतो. दुकानदारांनीही पाकिटावर चमच्यांऐवजी ग्रॅम छापावेत, निम्म्या तक्रारी मिटतील.

भुसावळहून : न खपलेले गुलाब वाळवून गुलाब-चहा करावा म्हणतो. माल वाया जाणार नाही.

करू नका. पॉलिहाउसचे गुलाब शोभेसाठी पिकवलेले असतात. फुलकिडे, कोळी, भुरी यांवर कळी लागेपर्यंत फवारण्या चालतात, आणि त्या औषधांना खाण्याच्या पिकाचे नियम लावलेले नसतात. धुऊन ती निघत नाहीत. तुमच्या ब्लीचच्या पाण्यात उभं राहिलेलं फूल तर मुळीच नको. कपाच्या बशीत सजावटीला ठेवायलाही हे गुलाब नकोत. कण्हेर तर दुकानात खाण्यापिण्याजवळ फिरकूच देऊ नका, ती विषारी आहे.

चहात घालायचा गुलाब वेगळाच : न फवारलेला देशी, गुलकंदाचा. पाकळ्या सकाळी तोडा आणि मलमलच्या कापडावर एकेरी थरात, सावलीत पसरा. भुसावळच्या मेमध्ये यंत्राची गरज नाही, दोन-तीन दिवसांत त्या चुरचुरतात. उन्हात टाकल्या तर रंग जातो. १०० ग्रॅम पत्तीला ३ ते ५ ग्रॅम पाकळ्या पुष्कळ झाल्या.

शहाद्याहून : सुरुवातीला किती प्रकारचा चहा ठेवावा? परवाने कोणते?

सहा. वीस डबे मांडलेत तर पंधरा शिळे होतील. आपल्याकडे दुधाचाच चहा खपतो, तेव्हा आसाम सीटीसीचे दोन प्रकार, दहा-दहा किलो : मोठ्या दाण्याचा बीपी आणि लगेच रंग सोडणारा बारीक पीडी. बाकी आसाम ऑर्थोडॉक्स (लांब पत्तीचा), निलगिरी, दार्जिलिंग आणि हिरवा चहा, एकेक किलो. दार्जिलिंगची पहिली तोड फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, दुसरी मे-जूनमध्ये; डिसेंबरमध्ये कोणी ‘ताजी पहिली तोड’ म्हणून विकत असेल तर तारीख विचारा.

अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे लागतो, सुटा चहा विकलात तरी. काटा वैधमापन खात्याचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्यांचा, शिक्का असलेला. कामगार थोडेच असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पाटी देवनागरीत मराठी हवी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानंही त्यात आली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीहून लहान चालत नाहीत.

अमळनेरहून : दसऱ्याचा झेंडू आदल्या दिवशी घेतला की सकाळपर्यंत काळा पडतो.

पोत्यात तापतो. फुलं श्वास घेत असतात. दाबून भरलेल्या पोत्याच्या मधोमध हात घाला, गरम लागेल. वर पाणी शिंपडलं असेल तर कुजायला तेवढंच पुरतं. माल येताच पोती सोडा, फरशीवर ओलसर गोणपाट अंथरा आणि त्यावर फुलं वीतभर उंचीपर्यंत सैल पसरा. पाणी गोणपाटावर मारा, फुलांवर नाही. प्लास्टिकने झाकू नका. विकत घेताना देठाजवळचा भाग चिमटीत धरा : घट्ट आणि हिरवा असेल तर रात्र काढेल, मऊ लागला तर त्याच संध्याकाळी तोरण ओवा.