डिकी उघडत नाहीये, आणि हवी ती वस्तू नेमकी आतच आहे

प्रश्न : सर नमस्कार. माझी सेडान ११ वर्षं जुनी आहे, डिकी उघडायचं लिव्हर ड्रायव्हर सीटच्या बाजूला खाली आहे. महिनाभर ते दोन-तीनदा ओढावं लागायचं, मग उघडायची. चार दिवसांपूर्वी ओढलं तर एकदम हलकं लागलं, आवाजच आला नाही आणि तेव्हापासून डिकी बंद ती बंदच. मागे किल्लीचं होल आहे पण ते आम्ही कधी वापरलंच नाही, आता किल्ली अर्धीच आत जातेय. आत आईची घडीची व्हीलचेअर आहे, परवा तिला तपासणीला न्यायचंय. दीर म्हणतात पहार घालून उचकटू, मला पत्रा वाकायची भीती वाटते. काय करू?

उत्तर : ताई, पहार अजिबात नको, दिरांना माझ्याकडून सांगा. डिकीच्या झाकणात आतून एक लॅच असतं, खेकड्याच्या नांगीसारखं, आणि ते बॉडीवरचा यू आकाराचा जाड दांडा पकडून बसतं (काही गाड्यांत उलट, लॅच खाली आणि दांडा झाकणाला). मागून धडक बसली तरी झाकण उघडू नये म्हणून ती नांगी बनवलेली असते, त्यामुळे पहार घातली की नांगी सुटायच्या आधी पत्रा वाकतो, आणि एकदा कड वाकली की रबर नीट बसत नाही, मग पावसाचं पाणी आत जाऊन स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं आणि तिथून गंज धरायला लागतो. तुमची भीती अगदी बरोबर आहे.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य, "एकदम हलकं लागलं". लिव्हर ओढताना हाताला काय लागतं यावरूनच अर्धं निदान होतं. लिव्हर जड लागत असेल, जोर लावूनही हलत नसेल तर लॅच गंजलंय किंवा सामानाच्या दाबानं अडकलंय. नेहमीसारखं लागतंय, मागे टक् आवाजही येतोय पण झाकण वर येत नाही, तर लॅच सुटलंय आणि झाकण रबराला चिकटलंय किंवा उचलणारी स्प्रिंग कमजोर झालीय, अशा वेळी एकानं लिव्हर ओढून धरायचं आणि दुसऱ्यानं मागे झाकण हातानं उचलायचं, बस. पण हलकं लागतंय म्हणजे तुमचा ओढा लॅचपर्यंत पोचतच नाहीये, लिव्हरपासून लॅचपर्यंत जाणारी केबल कुठेतरी सुटलीय नाहीतर तुटलीय. महिनाभर दोन-तीनदा ओढायला लागत होतं तेव्हाच ती ढिली होत आली होती.

म्हणून मागे जायच्या आधी पुढेच बघा. दाराच्या उंबऱ्यावर जी प्लास्टिकची लांब पट्टी असते ती बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसवलेली असते, हातानं हळू वर ओढली की निघते, लागल्यास कार्पेटची कड जरा उचला. लिव्हरच्या मागे काळ्या कव्हरमधून आलेली बारीक स्टीलची वायर दिसेल, तिच्या टोकाला छोटा धातूचा मणी असतो आणि तो लिव्हरच्या खाचेत अडकलेला असतो. खाच प्लास्टिकची असेल तर ती झिजून मणी निसटतो. कधी मणी जागेवर असतो पण काळं कव्हर त्याच्या क्लिपमधून बाहेर आलेलं असतं आणि मग वायरबरोबर कव्हरही सरकतं, लॅचला ओढच बसत नाही. दोन्हीवर उपाय एकच, एका हातानं कव्हर घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं पकडीत वायर धरून सरळ ओढा. त्याच वेळी दिरांना मागे उभं करा आणि लॉकच्या बरोबर वर तळहातानं झाकण खाली दाबायला सांगा, खाली हां, वर नाही. दाबल्यावर दांड्याचा ताण नांगीवरून जातो आणि ती सहज सुटते. तुमच्या डिकीत व्हीलचेअर आहे म्हणजे तिचं हँडल आतून झाकणाला टेकलेलं असू शकतं, तेव्हा हे दाबणं फारच गरजेचं.

वायर ओढल्यावर ताण न लागता नुसती हातात येत गेली तर समजा मागे तुटलीय, मग पुढची खटपट सोडून द्या.

किल्लीच्या होलाचं म्हणाल तर किल्ली अर्धीच जाते कारण इतकी वर्षं धूळ आणि ओल आत बसलीय. नळीवाल्या स्प्रेनं (डब्ल्यूडी-४० सारखा कुठलाही गंज सोडवणारा चालेल) आत दोन-तीन फवारे मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग किल्ली फक्त आत-बाहेर करा, दर वेळी फडक्याला पुसा, काळं निघत राहील ते निघू द्या. पूर्ण आत गेली तरच फिरवायची, आणि बोटांनीच. पकडीनं फिरवलेली किल्ली आत मोडली तर होल कायमचं गेलं. शक्यतो गाडीबरोबर आलेली मूळ किल्ली घ्या, रोजची झिजलेली नको. किल्ली पूर्ण गेली आणि गोल गोल सैल फिरली तर होल आणि लॅच यांना जोडणाऱ्या सळईची प्लास्टिक क्लिप मोडलीय, तिथेही नाद सोडा.

यातलं काही नाही जमलं तर आतून जायचं. मागची सीट पाडता येते का बघा, खटका सीटच्या खांद्यावर असला तर सोपं आहे. काही सेडानमध्ये तो खटकाच डिकीत असतो, मग बसायची गादी पुढच्या कडेला धरून झटक्यानं वर ओढायची, बऱ्याच गाड्यांत ती दोन क्लिपांवर असते, आणि पाठीचे बोल्ट तिच्याखाली सापडतात. वाट मोकळी झाली की आधी व्हीलचेअर तिथूनच निघते का बघा. तिची चाकं सुटी होत असतील तर बहुतेक निघेल, आणि मग परवाची काळजी मिटली, डिकीचं काम निवांत करा. ती निघत नसेल तर टॉर्च घेऊन आत सरका, झाकणाच्या मागच्या कडेला मधोमध लॅच असतं, त्यावर पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं कव्हर असेल तर त्याच्या क्लिपा काढा. अंधारात जागा सापडत नाही म्हणून बाहेरच्या माणसाला लॉकवर बोटानं टकटक करायला सांगायचं, आवाजाकडे हात न्यायचा. केबल जिथे येऊन संपते तिथे एक छोटा पत्र्याचा दांडू असतो, केबल त्याला ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला तो स्क्रूड्रायव्हरनं ढकला. खट् होईल आणि उजेड दिसेल.

आणि आता ऐका, उघडली की लगेच बंद करू नका! मी एका गाडीची डिकी दोन तास आत वाकून उघडली होती आणि मालकानं आनंदाच्या भरात धाडकन लावून टाकली, परत पहिल्यापासून सगळं. झाकण उघडं ठेवूनच लॅच तपासायचं. स्क्रूड्रायव्हरचा दांडा नांगीत घालून दाबा, म्हणजे गाडीच्या दांड्याचंच काम तो करतो, दोन टप्प्यांत कट्-कट् करून नांगी बंद होईल. मग लिव्हर ओढून बघा, सुटते का. असं पाच-सहा वेळा. जुना चिकट मळ स्प्रेनं धुऊन पुसा, वर पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा (किल्लीच्या होलात मात्र ग्रीस नको, धूळ धरून बसतं). नवी केबल पडेपर्यंत त्या दांडूला एक मजबूत दोरी बांधून सीटच्या फटीतून आत आणून ठेवा, पण ती सामानात अडकणार नाही अशी, नाहीतर चालत्या गाडीत डिकी उघडायची.

तपासणी परवा आहे ना, मग हे सगळं उद्या सकाळीच करा. दुपारपर्यंत नाही जमलं तर व्हीलचेअर दुसरीकडून मागून घ्या, आईंना ताटकळत ठेवू नका.

प्रश्न : माझी हॅचबॅक आहे, मागच्या दाराला बटण आहे. कधी उघडतं कधी नाही. मागचा वायपर पण बंद पडलाय, नंबरप्लेटचा दिवा लागत नाही. लॉक बदलू का?

उत्तर : थांबा, लॉक बदलू नका. तीन वस्तू एकदम आजारी पडत नाहीत, तिघांची वाट एकच आहे. मागचं दार उघडल्यावर वर बिजागरीपाशी बॉडीतून दारात जाणारी घडीची रबरी नळी दिसेल, सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दार हजारो वेळा वर-खाली होऊन एकाच जागी वाकून वाकून आत तुटतात. नळी एका टोकानं सोडवून मागे सरकवा, बऱ्याचदा तुटलेलं तांबं समोरच दिसतं. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका, मऊ वायरीचा तुकडा जोडून सोल्डर करून घ्या नाहीतर दोन महिन्यांत परत तेच. तोपर्यंत दार अडकलं तर मागची सीट पाडून दाराच्या आतल्या प्लास्टिकवर लॉकच्या जागी छोटं झाकण किंवा फट आहे का बघा, तिथूनच लॅच ढकलायची सोय बऱ्याच हॅचबॅकना दिलेली असते. वायपर आणि दिवा ठीक असून फक्त बटणच रुसलं असतं तर मी आधी बटणाचं रबर बघितलं असतं, उन्हानं ते चिघळतं आणि पाणी आत जातं.

प्रश्न : गाडीची बॅटरी पूर्ण उतरलीय, रिमोट चालत नाही, आणि आमच्या गाडीत बॅटरीच डिकीत आहे. आता?

उत्तर : घाबरू नका, गाडी बनवणाऱ्यांनी ही वेळ धरलेली असते. रिमोटच्या कडेला एक छोटा खटका असतो, तो सरकवला की आतून लोखंडी किल्ली निघते. तिनं ड्रायव्हरचं दार उघडा, होल दिसत नसेल तर हँडलच्या टोपणाखाली लपलेलं असतं. मग बॉनेट उघडा, बॅटरी मागे असणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा पुढे लाल टोपणाखाली जंप स्टार्टसाठी प्लसची जागा दिलेली असते, तिथे प्लस आणि इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला मायनस लावून दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून करंट द्या, डिकीचं बटण चालायला लागेल. नेमकी जागा मॅन्युअलमध्ये बघूनच लावा, उलटं लागलं तर इलेक्ट्रॉनिक्स जळतात.

बॅटरी चांगली असून रिमोटच मेला असेल तर आतला सेल बदला, बऱ्याच रिमोटमध्ये ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये डिकी लॉक करून ठेवायचं बटण काही गाड्यांत असतं, ते चुकून दाबलं गेलंय का तेही बघून घ्या.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा लपाछपीत डिकीत लपला होता, नशिबानं झाकण लागलं नाही. आतून उघडता येतं का?

उत्तर : वाचतानाच पोटात गोळा आला हो. आतून उघडता येतं की नाही ते गाडी कुठली आहे त्यावर आहे. अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात डिकीत अडकून तीन घटनांमध्ये ११ मुलं गेली, त्यानंतर तिथे नियम आला आणि १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या डिकीवाल्या गाड्यांत आतून उघडायची सोय सक्तीची झाली. म्हणून पुष्कळ सेडानमध्ये आत, लॉकजवळ, अंधारात चमकणारं एक हँडल लटकलेलं दिसतं. तुमच्या गाडीत आहे का आजच बघा. असेल तर झाकण उघडं ठेवून, तुम्ही स्वतः शेजारी उभं राहून, मुलाला ते ओढून दाखवा. नसेल तर मागच्या सीटचा खटका आतून कसा ढकलायचा ते तरी दाखवा. किल्ली त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि उभी गाडी कायम लॉक करा.

कुणाचंही मूल किंवा जनावर आत अडकलं तर वर लिहिलेलं काहीही करत बसू नका. आधी रिमोट आणि लिव्हर, तेवढे दोनच प्रयत्न, आणि कुणालातरी लगेच इमर्जन्सीला फोन लावायला सांगा, दारं बंद असतील तर बाजूची काच फोडा आणि मागची सीट पाडून बाहेर काढा.